बिराजदार वकिलांचा नकार

बिराजदार वकिलांना प्रत्येक गोष्टीत ट्रक दिसायचा. त्यांची सगळी वकिली मोटार अपघातांच्या दाव्यांत गेली होती. सोलापूरला चारी बाजूंनी मोठे रस्ते येऊन मिळतात, त्यामुळे आपल्याला कामाची ददात कधी पडली नाही, असं ते सांगत, आणि सांगून झाल्यावर हे बोलायला नको होतं असं तोंड करत.

शहराच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या एका खासगी कॅन्सर हॉस्पिटलात मी नव्या औषधांच्या चाचण्यांची कोऑर्डिनेटर आहे. नवं औषध माणसांवर वापरून बघायचं तर आधी नीतिसमितीची परवानगी लागते. समितीत डॉक्टर असतात, पण नुसते डॉक्टर चालत नाहीत. बाहेरचा एक सामान्य माणूस लागतो आणि कायदा जाणणारा एकजण लागतो. आमच्याकडे कायद्यासाठी बिराजदार वकील होते. मूळचे अक्कलकोट तालुक्यातल्या दुधनीचे. घरात कानडी, कोर्टात मराठी. मराठीही अशी बोलत की वाक्य संपल्यावर एक ‘की’ मागे राहायचाच.

उन्हाळ्यात शहराची भट्टी झालेली असायची, पण मीटिंगला ते काळ्या कोटातच येत. कॉलर मळू नये म्हणून मानेभोवती घडी घातलेला रुमाल. कुठलाही कागद शेवटच्या पानावरून वाचायला सुरुवात करत. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, “पहिल्या पानावर सगळेच नमस्कार करतात, सुजाता. खिसा शेवटच्या पानावर कापतात.” मीटिंगची तारीख ठरवायला फोन केला की पलीकडून आधी प्रश्न यायचा, “त्या दिवशी पाणी हाय का नळाला?” नळाला पाणी येण्याच्या दिवशी ते घराबाहेर पडत नसत. टाकी भरणं हे त्यांचं काम होतं आणि ते दुसऱ्या कुणावर सोपवत नसत. अध्यक्षांनी एकदा थट्टेनं म्हटलं, वकीलसाहेब, समितीपेक्षा टाकी महत्त्वाची का? तर गंभीरपणे म्हणाले, “टाकी बायकोची हाय.”

आमच्याच हॉस्पिटलातल्या डॉक्टर सबनीसांनी समितीपुढे जे औषध आणलं त्याची गोष्ट इथून सुरू होते. पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरवरचं औषध. ते सोन्याच्या कणांना चिकटवलेलं होतं. कण इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारो मावावेत. शिरेतून सोडले की ते गाठीत जाऊन साचतात आणि औषध तिथेच उतरवतात, बाकी शरीराला त्रास कमी. सबनीस हे सगळं फार छान समजावतात. समितीतल्या सगळ्यांच्या माना हलत होत्या. बिराजदार शेवटचं पान वाचत होते.

“औषध उतरवलं,” ते म्हणाले. “गाडी रिकामी झाली. आता ही रिकामी गाडी कुठं जाते?”

“बरेचसे कण यकृतात साठतात. काही प्लीहेत.”

“आणि बाहेर कधी येतात?”

“काही येतात. काही राहतात.”

“राहिलेले काय करतात?”

“प्राण्यांवरच्या अभ्यासात आतापर्यंत काही त्रास दिसलेला नाही.”

“ते प्राणी किती जगले?”

सबनीसांनी कागद चाळले. “काही महिने.”

“माणसानं त्याहून जास्त जगावं अशी तुमची इच्छा असंल की.”

कुणीतरी हसलं. बिराजदार हसले नाहीत. “डॉक्टर, ट्रकनं माणूस उडवला तर रस्त्यावर चाकाच्या खुणा असतात. नंबर असतो, मालक असतो, विमा असतो. दहा वर्षांनी एखाद्या बाईचं यकृत बिघडलं तर तिनं कुणाकडं बोट दाखवायचं? कंपनी म्हणणार वय झालं. तुम्ही म्हणणार आधीची केमो बाधली. ह्या कणाला नंबरप्लेट न्हाय की.”

सबनीसांनी हातातले कागद खाली ठेवले. मग म्हणाले, “वकीलसाहेब, ज्या बायकांना मी हे देणार आहे त्यांच्याकडे दहा वर्षं नाहीत.”

बिराजदारांनी चष्मा काढला. “ते खरं,” म्हणाले.

परवानगी मिळाली. बिराजदारांनी विरोधात मत दिलं आणि मग त्याच बैठकीत बसून संमतीपत्र नीट करून दिलं, कारण विरोध वेगळा आणि काम वेगळं. त्यांच्यामुळे त्यात ‘हे कण शरीरात राहिल्यास पुढे काय होईल ते आज कुणालाही माहीत नाही’ हे वाक्य ठळक अक्षरांत आलं. शीर्षकातला ‘सुवर्ण’ हा शब्द त्यांनी खोडायला लावला. सोनं म्हटलं की माणूस विचार करायचा थांबतो, असं त्यांचं म्हणणं. मृत्यूनंतर यकृताचा नमुना घेऊ द्यायचा की नाही, याचं पान त्यांनी वेगळं करायला लावलं. त्यावर सही केली नाही तरी औषध मिळणार, आणि अभ्यास मध्येच थांबला तरी ते पान लागू राहणार. ज्यांना औषधाचा उपयोग होतोय त्यांना ते देत राहावं, अशीही अट त्यांनी घातली. कंपनीनं ती मान्य केली, फक्त पुढे ‘शक्य असेल तोवर’ असं जोडलं. “शक्य हा शब्द विमावाल्यांचा लई लाडका,” ते म्हणाले. थोडी घासाघीस झाली, अध्यक्षांना दुसरीकडे जायचं होतं, आणि शब्द राहिला.

एका अटीवर मात्र ते अडून बसले. बाईची संमती घेताना नवरा, मुलगा, भाऊ, कुणीही खोलीत नको. समितीतल्या एक डॉक्टरबाई म्हणाल्या, आपल्याकडे हे जमणार नाही, बायकाच घाबरतील. तेव्हा त्यांनी एक जुनी केस सांगितली. अपघातात नवरा गेलेली तरुण मुलगी. दावा तिच्या नावानं, पण कोर्टात सगळं बोलायचा सासरा. बिराजदारांनीच सासऱ्याशी बोलून तडजोड घडवून आणली. कागद पुढे आले तेव्हा न्यायाधीशांनी मुलीला सहज विचारलं, बाई, तुम्हाला मान्य आहे ना? ती म्हणाली, काय मान्य?

“सही तिची होती,” बिराजदार म्हणाले. “ती नव्हती त्यात.”

अट मंजूर झाली.

चाचणी सुरू झाली. पहिल्यांदा आलेल्यांत मंद्रूपकडच्या कोंडाबाई होत्या. शेरडं-मेंढरं राखणारं घर. मुलानं मोटरसायकलवर बसवून आणलेलं. मी मुलाला बाहेर बसायला सांगितलं तर तो चिडला, आणि कोंडाबाई म्हणाल्या, “जा की रं. मला काय बोलाया येत न्हाय व्हय?” सोनं हा शब्द आम्ही कितीही लपवला तरी वॉर्डात आठवड्याभरात सगळे त्या इंजेक्शनला ‘सोन्याची सुई’ म्हणायला लागले होते.

आणि मग एक दिवस बिराजदारांचं समितीला पत्र आलं. ते राजीनामा देत होते. कारण एका ओळीत होतं. पत्नी महादेवी यांची या अभ्यासासाठी तपासणी होत असल्यामुळे.

महादेवीकाकूंना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. कन्नड माध्यमाच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं होतं. लहानखुऱ्या, कपाळावर विभूतीची पुसट रेघ, नजर समोरच्याच्या वहीवर असावी तशी. आजार आधीच पसरलेला होता, नेहमीची औषधं चालेनाशी झाली होती. बिराजदारांनी ज्याच्या विरोधात मत दिलं होतं तेवढंच आता उरलं होतं.

संमतीच्या दिवशी ते काकूंच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. मी कॅमेरा लावला. चित्रण करावं लागतं. पुढचं वाक्य मला बोलायचं होतं आणि ते मला बोलता येत नव्हतं. त्यांच्या लक्षात आलं. ते उठले, रुमाल सारखा केला, “नियम हाय,” म्हणाले आणि बाहेर गेले. दाराच्या काचेतून त्यांची पाठ दिसत होती.

“गेले?” काकूंनी विचारलं. “बरं झालं. आता विचारते. गुण येण्याची शक्यता किती?”

सबनीसांनी सांगितलं. सांगताना आडपडदा ठेवला नाही.

“म्हणजे छापा-काट्याहून कमी.”

“हो.”

“चालेल.” मग त्यांनी सगळी पानं वाचली, नवऱ्यानं ठळक करून घेतलेलं वाक्य दोनदा. मृत्यूनंतरच्या नमुन्याचं पान त्यांनी परत माझ्याकडे सरकवलं. “हे नको. गेल्यावर मला कुणी सुई टोचायची नाही. आमच्यात बसवून पुरतात. सुखानं बसू दे.”

इंजेक्शनच्या दिवशी काकू आणि कोंडाबाई शेजारशेजारच्या कॉटवर असत. वकील डबा आणत, तो दोघींचा असे. कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही. कोंडाबाई म्हणायच्या, “बाई, अंगात एवढं सोनं वतलं, पर डागिना म्हून कुटं दिसंना.” काकू हसत. एकदा वकिलांनी काकूंना विचारलं, हे सोनं कायद्यानं कुणाचं? कंपनीचं की तुझं? काकू म्हणाल्या, “माझं. स्त्रीधन.” त्यावर ते पाय लांब करून, डोळे मिटून, खूप हसले. त्यांना तसं हसताना मी तेवढंच पाहिलं.

दोघींनाही गुण आला. गाठी लहान झाल्या. काकू गच्चीवर मिरच्या वाळत घालायला स्वतः जिना चढून जाऊ लागल्या. कोंडाबाई मुलाला सोडून एकट्या एसटीनं येऊ लागल्या. बाकी बऱ्याच जणींना काहीच फरक पडला नव्हता, पण या दोघींना पडला होता.

मग कंपनीचा मेल आला. अभ्यास थांबवण्यात येत आहे. औषधात काही दोष आढळला म्हणून नाही, व्यावसायिक कारणांमुळे. उरलेल्या कुप्या परत पाठवाव्यात. समितीनं लिहिलं, ज्यांना उपयोग होतोय त्यांना तरी द्या. उत्तर सभ्य होतं. उत्पादनच बंद झाल्यामुळे शक्य नाही.

मी ते उत्तर बिराजदारांना दाखवलं. ते आता समितीत नव्हते, पण रुग्णाचे नातेवाईक म्हणून त्यांना ते बघायचा हक्क होता. त्यांनी शेवटून वाचलं. “कायद्यात बसतंय,” म्हणाले आणि कागद परत दिला.

एका सकाळी सबनीसांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. परत पाठवायच्या मालाचे कागद घेऊन मी तिथेच उभी होते. सबनीस मला जा म्हणाले नाहीत.

“फ्रिजमध्ये एका बाईला काही महिने पुरेल एवढं औषध आहे,” ते म्हणाले. “कुप्या हाताळताना फुटतात कधीकधी. मी तसं लिहीन. माझी जबाबदारी.”

खिडकीबाहेर पार्किंगमध्ये कुणीतरी रिक्षा मागे घेत होतं, तिचा आवाज येत होता.

“कोंडाबाईला?” वकिलांनी विचारलं.

“दोघींना नाही पुरणार. निम्मं निम्मं केलं तर दोघींनाही उपयोग नाही.”

“मग न्हाय.”

“वकीलसाहेब, विचार करा. घाई नाही.”

“केला. पाठवून द्या परत.” ते उठले. दारापाशी जाऊन म्हणाले, “तुम्ही चांगल्या मनानं विचारलं, डॉक्टर. मला कळतंय ते.”

दुसऱ्या दिवशी मी कुप्या बर्फाच्या पेटीत घालून पाठवून दिल्या. सह्या झाल्या. त्या दिवशी मला वकिलांबद्दल आदर वाटला होता. नंतर त्या आदराचं काय करायचं ते कळलं नाही.

काकूंचा खोकला परत सुरू झाला. तपासणीला दोघं आले होते. छातीच्या फोटोत जे दिसायचं ते दिसत होतं. सबनीस थकलेले होते, आणि थकलेल्या माणसाच्या तोंडून निघून जातं तसं त्यांच्या तोंडून गेलं, “मी त्या वेळी वकीलसाहेबांना म्हटलं होतं…”

“काय म्हटलं होतं?” काकूंनी विचारलं.

मग सांगावंच लागलं.

काकू नवऱ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही. वर्गात चुकलेल्या मुलाला फळ्यापाशी उभं करावं तसं विचारत गेल्या.

“कधी?”

“मागच्या महिन्यात.”

“कायद्यात बसत नव्हतं?”

“नव्हतं. आणि कोंडाबाई…”

“कोंडाबाईला विचारलं?”

“न्हाय.”

“मला विचारलं?”

त्यांनी मानेवरचा रुमाल काढून हातात घेतला.

“त्या दिवशी माझी सही घेताना तुम्ही उठून बाहेर जाऊन बसला होता. नियम म्हणून. मला किती बरं वाटलं होतं. मग ह्या केबिनमध्ये माझ्या वतीनं कोण आलं होतं?”

“महादेवी, एकीला देऊन दुसरीला कुठल्या तोंडानं…”

“ते आम्ही दोघींनी बघितलं असतं की. मी घेतलं असतं, तिनं घेतलं असतं, नाहीतर दोघीही नको म्हटलो असतो. जीव आमचे. तुम्ही कोण री?”

कानडीत आदरानं बोलताना शेवटी ‘री’ लावतात. त्यांनी तो तेव्हाही सोडला नाही. सबनीस कीबोर्डकडे बघत होते. मी रिपोर्ट पाकिटात घातला, काढला, परत घातला.

त्यानंतर काकूंनी तो विषय काढला नाही. अबोलाही धरला नाही. मी त्यांच्या घरी जायचे तेव्हा दोघं नेहमीसारखी बोलत असायची, औषधाच्या वेळांबद्दल, नळाच्या पाण्याबद्दल. ते आता प्रत्येक गोष्ट विचारून करत. पंखा लावू का? चादर देऊ का? खिडकी? काकू हो किंवा नाही म्हणत. ऐकवत नसे ते.

एकदा काकूंनीच मला फोन केला. “ते वेगळं पान घेऊन ये. मेल्यानंतरचं.” वकील बाजारात गेले होते. सबनीस आणि मी गेलो, पुन्हा कॅमेरा लावला, पुन्हा सगळं वाचून दाखवलं. सबनीसांनी विचारलं, तुम्ही तेव्हा नको म्हणाला होता, आता का?

“कोंडाबाई अजून आहे,” काकू म्हणाल्या. “तिच्या अंगात ते आहे. ते आत बसून काय करतं ते कुणाला तरी कळायला नको का?”

“वकीलसाहेबांना सांगायचं?” मी विचारलं.

“मी सांगते. परवानगी नाही मागत. नुसतं सांगते.”

काकूंचा जीव हॉस्पिटलातच गेला, सकाळच्या राउंडच्या आधी. काकूंचं माहेरही दुधनीचंच; दुपारच्या आत तिथून त्यांचे दोघे भाऊ गाडी घेऊन आले. बरोबर मठातले स्वामी होते. शरीर ताठ व्हायच्या आत बसवायचं असतं, म्हणून सगळ्यांना घाई. आणि इकडे सबनीस नमुन्याची तयारी करून उभे. सुईनं यकृताचा एक बारीक तुकडा, वेळ थोडाच, पण भावांना ते कळल्यावर थोरले दारात आडवे उभे राहिले.

“अक्काला आता सुई? ब्याड, नको. सोसलं तेवढं बास झालं.” मग वकिलांकडे वळून, “दाजी, तुम्ही फक्त नाही म्हणा. तुमचा शब्द पुरे हाय.”

खरंच पुरेसा होता. कागद काही म्हणो, नवरा नाही म्हणाला असता तर सबनीस मागे फिरले असते. हे त्या व्हरांड्यात सगळ्यांना माहीत होतं, वकिलांना तर सगळ्यात जास्त.

“माझं चालत न्हाय ह्यात,” ते म्हणाले. “तिची सही हाय.”

“सही काय करायची हाय दाजी! तुम्ही मालक की तिचे.”

“मालक ट्रकला असतो,” बिराजदार म्हणाले.

धाकटा भाऊ मोठ्यानं बोलायला लागला, कानडीत. सगळं मला कळलं नाही. बायकोची चिरफाड बघत बसणारा माणूस, असं काहीतरी. वकील ऐकत राहिले. त्याचं संपल्यावर म्हणाले, “एकदा मी तिच्या वतीनं बोललो. आता न्हाय.” मग थोरल्यांच्या दंडाला धरून त्यांना हलकेच दारातून बाजूला केलं आणि सबनीसांना आत जायला वाट करून दिली. स्वतः व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले.

मी आत नमुन्याच्या डबीचं झाकण धरून उभी होते. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. काकूंच्या कपाळावर कुणीतरी ताजी विभूती लावली होती आणि ती थोडी त्यांच्या पापणीवर पडली होती. ती पुसावी असं मनात आलं, पण हातमोजे घातलेले होते.

तासाभरात गाडी दुधनीला निघाली. शेतातच बसवलं.

काही महिन्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला. बिराजदार एकटेच आले. कोट नव्हता अंगावर, साधा पांढरा शर्ट.

“यकृतात कण आहेत,” सबनीस म्हणाले. “अपेक्षेहून थोडे जास्त.”

“त्यांनी काही बिघडवलं होतं?”

“एका नमुन्यावरून सांगता येत नाही.”

“कोंडाबाईला कळवलं?”

सबनीस म्हणाले, कळवण्याचा मजकूर समितीपुढे ठेवावा लागेल, मंजूर व्हावा लागेल. पुढची बैठक अजून ठरलेली नाही.

“तुमचं चालू द्या,” बिराजदार म्हणाले. “माझ्या बायकोच्या यकृतात काय सापडलं ते मी कुणालाही सांगू शकतो. मला कोण अडवतं?” मग माझ्याकडे बघून, “तू येतेस का? मी सांगायला गेलो तर वाकडंतिकडं सांगीन.”

मी सुट्टीच्या दिवशी माझी गाडी काढली आणि आम्ही मंद्रूपला गेलो. वाटेत दोन्ही बाजूंना वाळलेली ज्वारी उभी होती.

कोंडाबाई गावाबाहेरच्या वस्तीवर, पत्र्याच्या सावलीत कॉटवर बसल्या होत्या. खूप वाळल्या होत्या. डोळे पिवळसर नव्हते, ते मी आधी बघितलं. शेजारी दाव्याला बांधलेली करडं ओरडत होती.

“या की,” त्या म्हणाल्या. “बाई न्हाय आल्या?”

“बाई गेल्या,” वकील म्हणाले.

कोंडाबाईंनी पदर तोंडाला लावला. मोठ्यानं रडल्या नाहीत. “मला कुनी सांगितलं न्हाय,” एवढंच म्हणाल्या.

मी त्यांना अहवालातलं सोप्या शब्दांत सांगितलं. कण यकृतात राहतात. त्यानं काही होईल की नाही ते ठाऊक नाही. अधूनमधून हॉस्पिटलात येऊन रक्त तपासून घ्या, फुकट आहे. हे बाईंनी मागे ठेवलं म्हणून कळलं.

“मंजी सोनं हाय अजून आत.”

“हो.”

“आसू दे मग. कुटं चोरीला तरी जात न्हाय.”

मला वाटलं काम झालं, आता निघायचं. पण वकील उठले नाहीत. ते जमिनीवर, कोंडाबाईंच्या कॉटपाशी मांडी घालून बसले आणि त्यांनी कुप्यांचं सगळं सांगितलं. औषध एकीपुरतं होतं. डॉक्टरांनी विचारलं होतं. मी नको म्हटलं.

कोंडाबाईंनी नीट ऐकून घेतलं. “मग ते कुनाला दिलं?”

“कुणालाच न्हाय. परत पाठवलं.”

“कुनालाच न्हाय?” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “कंपनीनं काय केलं त्येचं?”

“जाळून टाकतात,” मी म्हणाले.

“आं?”

दावं सुटलेलं एक करडू कॉटखाली येऊन वकिलांच्या शर्टाची बाही चघळायला लागलं. त्यांनी हात काढून घेतला नाही.

“माज्यापायी न्हाय म्हनला व्हय तुमी?” कोंडाबाईंनी विचारलं.

“व्हय.”

“मला तर त्यातलं काय ठावंच न्हवतं की.”

“न्हवतं. तेच सांगायला आलो.”

कोंडाबाईंनी आत हाक मारून सुनेला चहा ठेवायला सांगितलं. वकील मला म्हणाले, तू नीघ, तुझं घरी काम असेल. मी एसटीनं येतो. मी एकदा विचारलं, नक्की? त्यांनी मान हलवली.

त्यानंतर ते दुधनीलाच राहायला गेले आणि आमची पुन्हा भेट झाली नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथे, गाडी मागे घेताना आरशात. कोंडाबाई कॉटवर पुढे वाकून, हात हलवत, बरंच काही बोलत होत्या. ते मान खाली घालून ऐकत होते. मग वकिलांनी मान वर करून, तेव्हा विचारायचं राहून गेलं ते त्यांना विचारलं असावं, कारण कोंडाबाईंचा हात हवेतच थांबला आणि त्या विचार करायला लागल्या.